सीताफळाचे डोळे कधी उघडतात?

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातून धारूर-अंबाजोगाईकडे निघालं, की ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका दिसतात. गाडी थांबते, भाव ठरतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "डोंगरात फुकटच येतं की हे. नुसतं तोडून तर आणायचं!" या फळाबद्दलचे बाकीचे गैरसमज नंतर पाहू. आधी हा, कारण सगळ्यांत जास्त अन्याय यातच होतो.

तोडायला हात लावण्याआधी पाटीवाली बाई फळाचे डोळे बघते. सीताफळाच्या सालीवरचे उंचवटे म्हणजे डोळे. कच्च्या फळात ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. फळ भरत आलं, की डोळे फुगतात, त्यांच्यामधल्या खाचा रुंदावतात आणि तिथे पिवळसर पांढरा रंग उमटतो. डोळे उघडले म्हणतात ते यालाच. असं फळ तोडून ठेवलं, की तीन-चार दिवसांत लोण्यासारखं मऊ होतं. घाईने तोडलेलं मात्र पिकत नाही, दगडासारखं राहून काळं पडतं. उशीर झाला तर झाडावरच फुटतं आणि पाखरं खातात. शिवाय एका झाडाची सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच चढणीच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या होतात.

'नुसतं तोडणं' हेही शिकावं लागतं, हे एका खेळातही दिसतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ साली आलेल्या ऑनलाइन खेळात औषधी वनस्पती गोळा करणं हा रीतसर व्यवसाय आहे. मूळ खेळात त्याची पातळी १ पासून ३०० पर्यंत चढवत न्यावी लागे आणि पातळी कमी असली तर पुढची वनस्पती तोडताच येत नसे. खेळ खेळाडूला तिथल्या तिथे अडवायचा. डोंगरात कच्चं फळ तोडणाऱ्याला कोणी अडवत नाही. चूक कळते चार दिवसांनी, पाटीतलं फळ काळं पडल्यावर. म्हणून इथली पातळी चढायला कित्येक हंगाम जातात.

दुसरा समज नावावरून आलेला: सीतामाईचं फळ, म्हणजे रामायणकाळापासून इथलंच. वनस्पतिशास्त्राप्रमाणे या झाडाचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे आणि ते पोर्तुगिजांबरोबर भारतात आलं, असं सहसा मानलं जातं. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहुतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसलं होतं, त्यावरून अभ्यासकांत वादही झाला. रामफळ त्याच कुळातलं, पण जात वेगळी आणि हंगामही वेगळा.

परदेशातून आलेलं झाड या उघड्या, कमी पावसाच्या डोंगरावर टिकलं कसं? पाला कडू आणि उग्र वासाचा असल्याने शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हेच त्याचं कुंपण.

बी गिळली तर विषबाधा होते, ही भीती घरोघरी असते. अख्खी बी टणक कवचामुळे सहसा तशीच बाहेर पडते. धोका कुटलेल्या बीचा आहे. उवांसाठी ती पूड डोक्याला लावतात आणि डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. हा उपाय घरात करूच नये.

कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर टिकतं, असंही वाटतं. प्रत्यक्षात थंडीने साल काळी पडते आणि पिकणं थांबतं. आधी बाहेर पिकू द्यावं. रबडीचंही तसंच: गर दुधात उकळला की कडवट होतो, म्हणून दूध आटवून, थंड करून मगच तो घालायचा.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सीताफळाच्या 'बालानगर' जातीचं नाव बालाघाटावरून पडलं असं काहींना वाटतं, पण ते तेलंगणातलं गाव. मानांकन जिल्ह्याच्या फळाला आहे, तरी ते खोक्यावर छापायला उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. रस्त्याकडेच्या पाटीवर असा शिक्का नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाट्या कमी होऊ लागतात, कारण डोंगरातली कितीतरी कुटुंबं तेव्हा कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली असतात.