घंटेनंतरची शाळा (भाग ४) : चार तास सरकारचे, बाकीचे कुणाचे?

मागच्या भागात खासगी शिकवण्यांबद्दल लिहिलं होतं. या वेळी ज्यांना शिकवणी परवडतच नाही, त्या घरांकडे वळू.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरलेलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. धुणीभांडी करणारी किंवा बांधकामावर जाणारी आई काही चार तासांत घरी येत नाही. त्यातून मुंबईत कित्येक शाळा दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे कुणाची सकाळ रिकामी, कुणाची दुपार. या वेळात मुलगा गल्लीत जातो आणि मुलीच्या कडेवर धाकटं भावंड येतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कधीच ओळखलं होतं. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली ती त्यामुळेच. धाकट्याची सोय लागली की थोरली वर्गात बसते. आज शाळेबाहेरच्या वेळात भरणाऱ्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाने ‘लहान भावंडांना आणू नये’ असा नियम केला, तर आधी गळणार त्या मुलीच. नियम करणाऱ्याला मात्र वाटतं, शिस्त आली!

पण असा वर्ग भरवायचा कुठे? १९८८ साली मुंबईत डोअर स्टेप स्कूल सुरू झालं ते कफ परेडच्या वस्तीत, मुलांच्या दारातच. शाहीन मिस्त्री यांच्या ‘आकांक्षा’ संस्थेचं पहिलं केंद्र १९९१मध्ये भरलं कुलाब्यातल्या एका शाळेत, पंधरा मुलांना घेऊन. जागेसाठी त्याआधी बरेच नकार ऐकावे लागले होते. आजही शाळा सुटल्यावर तिथले वर्ग रिकामे पडलेले असतात, पण अभ्यासवर्गासाठी मागायला जा, कारणं तयार : बाकं मोडतील, शिपाई थांबणार नाही, विजेचं बिल कोण भरणार? शेवटची दोन कारणं खोटी नाहीत. शिपायाचा जादा वेळ आणि वीज यांची तरतूद कुणीतरी करायलाच हवी, आणि ती पालिकेने करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगल्या अभ्यासवर्गात गृहपाठ लवकर उरकतो. मग कॅरम, चित्रं, गोष्टीची पुस्तकं. सातवीतली मुलगी दुसरीतल्याला वाचून दाखवते, आणि तसं करताना तिचं स्वतःचं अडखळणं कमी होतं. इयत्तावार शाळेत ही संधी क्वचितच मिळते. शिकवणारी ताई बहुधा वस्तीतलीच, बारावी झालेली. कुणाच्या घराला कुलूप आहे, कुणाचा बाप आज कामावर गेला नाही, हे तिला न सांगता कळतं. तिच्या हातात पडणारं मानधन ही कधीकधी त्या घरातल्या बाईची पहिली कमाई असते. वस्तीचा फायदा मोजताना हे धरलं जात नाही.

देणगीदार मात्र विचारतात, मुलांचे गुण किती वाढले? मी आधी हजेरीपट मागेन. इथे सक्ती नाही, परीक्षा नाही. तरी मूल रोज येतं का, ते त्यात दिसतं.

(पुढच्या आठवड्यात : मैदान, मल्लखांब आणि संध्याकाळची व्यायामशाळा)