पाटी नसलेली संस्था

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या संस्थेच्या मीटिंगला पहिल्यांदा निघालेल्या माणसाची निम्मी दमछाक जागा शोधण्यातच होते. संध्याकाळी रिकामा झालेला शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या दवाखान्यातली मागची खोली. बाहेर फलक असलाच तर नजरेत न भरणारा. ‘एए’ स्वतःची जाहिरात करत नाही, आणि तिथे येणाऱ्यांनाही आपण कुठे चाललोय हे गल्लीला कळू द्यायचं नसतं. त्यामुळे पत्ता मिळतो तो संस्थेच्या हेल्पलाइनवरून, वेबसाइटवरच्या यादीतून, व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाकडून, नाहीतर पूर्वी बरोबर प्यायला बसणाऱ्या आणि हल्ली न पिणाऱ्या मित्राकडून. शेवटचा मार्ग सगळ्यात जुना.

मे 1935 मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हातातला व्यवहार फिसकटलेला. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने फोन उचलला. धीर द्यायला कुणीतरी भेटावं म्हणून नव्हे, तर धीर देता येईल असा दुसरा दारुडा हवा होता म्हणून! दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत असलं की स्वतःला प्यावीशी वाटत नाही, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

फोनाफोनीतून भेट झाली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. मध्ये एकदा ते घसरलेही. पुढे 10 जूनला त्यांनी शेवटची बियर घेतली, तीही ऑपरेशनच्या वेळी हात थरथरू नयेत म्हणून. तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो.

सुरुवातीला या मंडळींनाही मोठी स्वप्नं पडत होती. इस्पितळं काढू, पगारी प्रचारक नेमू. पैशांसाठी ती धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरकडे गेली. त्याने 1938 साली पाच हजार डॉलर दिले आणि जास्त पैसा आला तर हे काम बिघडेल, असं सांगून हात आखडता घेतला. एए त्या सावधगिरीवरच उभी आहे, असं म्हटलं तरी चालेल. आजही बाहेरची देणगी घेत नाहीत. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावं, नव्याने आलेल्याकडून अपेक्षाच नसते. प्रसिद्धीच्या बाबतीतही तेच. विल्सनने येल विद्यापीठाची मानद पदवी नाकारली. वर्तमानपत्रांत त्याचं पूर्ण नाव झळकलं ते 1971 मध्ये, मृत्यूनंतर.

भारतात हे काम 1957 साली सुरू झालं. आता मुंबई-पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांचे गट आहेत, आणि गटाची भाषा महत्त्वाची असते. बायकोच्या मंगळसूत्राचं काय झालं, हे माणूस परक्या भाषेत सांगू शकत नाही.

मीटिंग तास-दीड तासाची. चेअर करणारा सुरुवात करतो, मग एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगून ‘मी मद्यपी’ म्हणतो आणि बोलतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. नवख्याला बोलायचं नसेल तर तो गप्प बसू शकतो. जन्मभर सोडायची भाषा इथे नाही. फक्त आजचा दिवस. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, असा सल्ला मात्र जुने लोक हटकून देतात. पुढे एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्या समजावून द्यायला एक ‘स्पॉन्सर’ मिळतो, आणि रात्री अकराला तलफ आली तर फोन त्याला करायचा.

या पायऱ्यांतला देवाचा उल्लेख अनेकांना खटकतो, आणि ती तक्रार अगदीच अनाठायी नाही. ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ अशी पळवाट बारा पायऱ्यांतच ठेवलेली आहे. नास्तिक ती कशीबशी वापरतात. परिणामाचं म्हणाल, तर 2020 मध्ये वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या समीक्षेत 27 अभ्यास तपासले गेले. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एएकडे पद्धतशीर वळवणारे उपचार इतर रुळलेल्या उपचारांहून सरस ठरले.

तरी मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याने आधी डॉक्टर गाठावा. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांचं काम इथे येतं. पण केंद्रातून बाहेर पडल्यावर संध्याकाळी सातचा प्रश्न उरतोच, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक मीटिंगा भरतात.

पहिला गट पटला नाही म्हणून पाठ फिरवू नये. दुसऱ्या वस्तीतला गट वेगळ्याच स्वभावाचा असतो. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणं अवघड जातं. त्यांच्यासाठी काही ठिकाणी स्वतंत्र गट आहेत, आणि ऑनलाइन मीटिंगांमुळे घरातूनच हजेरी लावता येते. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची असते, ‘ओपन’ला कुणीही बसू शकतं. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ 1951 पासून वेगळी चालते. तिथे जायला पिणारा माणूस सोडायला तयार झालेला असावा लागत नाही.