परसातला कोंबडा

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी मराठीत जुनी म्हण आहे. म्हणीतल्या माणसाला सूर्य अडवायचा होता. चेन्नईसारख्या शहरात आज ज्याला कोंबडा झाकावासा वाटतो, त्याला केवळ शेजाऱ्याची झोप सांभाळायची असते. याच चेन्नईत वडपळनीचे मुरुगन मंदिर प्रसिद्ध आहे. मुरुगन म्हणजे कार्तिकेय. त्याच्या ध्वजावर कोंबडा आहे. ध्वजावर मानाने मिरवणारा हा पक्षी परसात मात्र वादाचा विषय होतो.

पहिला गैरसमज असा की, कोंबड्यावाचून कोंबडी अंडे देत नाही. वस्तुतः वयात आलेली कोंबडी नराच्या सहवासाशिवायही नियमाने अंडी घालते. त्या अंड्यांतून पिल्ले मात्र निघत नाहीत. तेव्हा अंड्यांपुरतीच हौस असेल, तर कोंबड्याची मुळीच गरज नाही. उलट चेन्नईच्या उन्हाळ्यात अफलित अंडे अधिक टिकते. फलित अंड्यातील जीव उबेची वाट पाहत असतो. कोंबडीखाली न ठेवताही, केवळ हवेच्या उष्म्याने त्याची वाढ सुरू होते, मग खुंटते आणि अंडे नासते.

कोंबड्याचे उपयोग नाहीत असे नव्हे. घार दिसताच तो एका तऱ्हेने ओरडतो आणि जमिनीवरून मांजर आले तर दुसऱ्या तऱ्हेने. दाणा सापडला की स्वतः न खाता माद्यांना हाकारतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. रात्रीची राखण मात्र त्याच्याकडून होत नाही, कारण अंधारात त्याला फारसे दिसत नाही. मुंगसापासून वाचवते ते भक्कम खुराडेच.

आता आरवण्याचा प्रश्न. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, कोंबड्याच्या शरीरातच एक घड्याळ असते आणि बाहेर उजेड नसतानाही तो पहाटेपूर्वी आरवू लागतो. अर्थात खुराड्यावर गोणपाट टाकून काही साधत नाही. कोंबडे झाकले तरी ते आरवायचे राहत नाही! भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्र धरली आहे ती १० ते सकाळी ६ आणि या वेळेत निवासी वस्तीसाठी मर्यादा आहे ४५ डेसिबलची. कोंबड्याचा दिवस त्याआधीच सुरू होतो. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वस्तीत हा विचार आधी करावा लागतो.

तरीही पिल्ले हवी असतील, तर एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. दहा पिल्ले निघाली तर त्यांतली साधारण निम्मी नर निघतात. काही महिन्यांत ते आरवू लागतात आणि एकमेकांशी झुंजू लागतात. असील जात तर झुंजारपणासाठीच नावाजलेली आहे. पण कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. मग या नरांचे काय? ते ताटात जातात किंवा दुसऱ्याच्या दारी. मुलांनी ज्यांना नावे ठेवली, त्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जड जातात. म्हणून अंडी रवणीला ठेवण्यापूर्वीच याचे उत्तर घरात ठरलेले असावे.

मधला मार्गही आहे. खुडूक झालेल्या गावरान कोंबडीखाली बाहेरून आणलेली फलित अंडी ठेवावीत. २१ दिवसांत पिल्ले निघतात. कोंबडा काही दिवसांपुरता आणला, तरी तो परत गेल्यावर सुमारे दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. नर-पिल्लांचा प्रश्न मात्र याही मार्गाने सुटत नाही. ज्यांना केवळ कोंबड्यांची संख्या वाढवायची आहे, त्यांनी वाढलेल्या तलंगाच विकत घ्याव्यात हे उत्तम. चेन्नईच्याच नंदनम् येथील कुक्कुटसंशोधन केंद्राच्या कार्यातून 'नंदनम्' नावाची कोंबडी पुढे आली. संकरित कोंबड्यांच्या घरच्या पिल्लांत तर आईचे गुण टिकतीलच असे नाही.

म्हणजे कोंबडा ठेवावा की नाही, हा प्रश्न खरे पाहता कोंबड्याचा नाहीच. अंडी हवीत की पिल्ले, हा तो प्रश्न आहे. आणि ज्याला पिल्ले हवीत, त्याने त्यांतल्या कोंबड्यांचीही जबाबदारी पत्करली पाहिजे.