खुले खरेदी-संकुल

खुले खरेदी-संकुल : एकाच मालकाच्या वा विकासक संस्थेच्या जमिनीवर, एका आराखड्यानुसार उभारलेला व एकाच व्यवस्थापनाखाली चालणारा दुकानांचा समूह म्हणजे खरेदी-संकुल. त्यातील दुकानांना जोडणारे मार्ग व चौक यांवर छत नसेल, तर ते खुले खरेदी-संकुल होय. उंची कपडे, दागदागिने, घड्याळे, उपाहारगृहे व करमणूक यांवर भर देणारी अशी संकुले प्रामुख्याने सधन ग्राहकांसाठी उभारली जातात. बाह्यतः त्यांचे रूप बाजारपेठेतील रस्त्यासारखे दिसत असले, तरी तेथील रस्ता सार्वजनिक मालकीचा नसतो. या प्रकाराची वैशिष्ट्ये आणि त्यातून उद्‌भवणारे प्रश्न या दोन्हींच्या मुळाशी हाच भेद आहे.

उघड्या जागेतील खरेदी-विक्रीची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. वऱ्हाडातील मोर्शी, वरुड यांसारख्या तालुक्याच्या गावी भरणाऱ्या आठवडी बाजारात विक्रेता जागेचे शुल्क देऊन दिवसभर माल मांडतो व सायंकाळी जागा रिकामी करतो. तेथे कोणी कोणता माल विकावा, हे जमिनीचा मालक ठरवीत नाही. कापसाच्या व्यापाराला मात्र वऱ्हाडातच प्रथम नियमांची चौकट मिळाली. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला व १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा करण्यात आला. ठरावीक आवार, परवानाधारक दलाल व मापारी आणि वजनमापांवर देखरेख ही या व्यवस्थेची अंगे होती. तिचा रोख व्यवहारातील फसवणूक रोखण्यावर होता. आधुनिक खरेदी-संकुलातही शिस्त असते. परंतु ती मालकाने आपल्या मिळकतीचे मूल्य राखण्यासाठी घालून दिलेली असते.

या प्रकाराची घडण मोटारीच्या प्रसाराबरोबर अमेरिकेत झाली. मिसूरी राज्यातील कॅन्झस सिटी येथे जे. सी. निकोल्स या विकासकाने उभारलेले ‘कंट्री क्लब प्लाझा’ १९२३ मध्ये सुरू झाले. मोटारीने येणारा ग्राहक गृहीत धरून आखलेले आणि स्पॅनिश वास्तुशैलीचा एकसारखा साज ल्यालेले हे संकुल पुढील अनेक संकुलांचा आदर्श ठरले. मिनेसोटा राज्यातील ईडायना येथे १९५६ मध्ये व्हिक्टर ग्रूएन या व्हिएन्नात जन्मलेल्या वास्तुविशारदाने ‘साउथडेल’ हे पूर्णतः बंदिस्त, वातानुकूलित केंद्र उभारले आणि काही दशके बंदिस्त रचनेचाच प्रभाव राहिला. १९८० नंतरच्या काळात उच्च उत्पन्नाच्या वस्त्यांजवळ लहान, खुली व महागडी संकुले पुन्हा उभी राहू लागली.

संकुलाची आखणी करताना प्रथम परिसरातील लोकांची क्रयशक्ती व तेथवर पोहोचण्याचे मार्ग पाहिले जातात. ग्राहकांना खेचून आणणाऱ्या एखाद्या मोठ्या दुकानास तुलनेने कमी भाड्याने जागा देण्यात येते. त्याच्याकडे येणाऱ्या गर्दीचा लाभ लहान दुकानांना मिळतो व त्यांच्याकडून अधिक दराने भाडे घेतले जाते. किमान भाडे आणि विक्रीतील ठरावीक हिस्सा अशी दुहेरी पद्धत बरीच रूढ आहे. झाडलोट, दिवाबत्ती, पहारा व वाहनतळ यांचा खर्च देखभाल शुल्क म्हणून दुकानदारांवर विभागला जातो. खुल्या रचनेत मार्गांच्या वातानुकूलनाचा खर्च वाचतो. मात्र कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि वऱ्हाडात ४५° से.च्या आसपास जाणारे उन्हाळी तापमान पाहता पडव्या, झाडे व सावलीच्या गल्ल्या यांची जोड तिला द्यावी लागते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईच्या लोअर परळ भागातील ‘हाय स्ट्रीट फिनिक्स’ हे आहे. १८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यावर वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे व गिरण्यांकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. या गिरणगावातच १९०५ मध्ये फिनिक्स मिलची स्थापना झाली. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरणी व्यवसायाची घसरण वेगाने झाली आणि कापडापेक्षा जमिनीचे मोल अधिक ठरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फिनिक्सच्या आवारात करमणूक केंद्र व दुकाने सुरू झाली. प्रारंभी येथे स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानालाही स्थान होते; २००९ मध्ये ‘पॅलेडियम’ ही परदेशी उंची मालाच्या दुकानांची बंदिस्त इमारत जोडली गेल्यावर संकुलाचा रोख निश्चितपणे सधन वर्गाकडे वळला. गिरणीचे धुराडे मात्र आवारात राखण्यात आले आहे.

या परिवर्तनामागे जमीनविषयक नियमांचा मोठा वाटा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे अपेक्षित होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला व एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातील मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित केली. त्यामुळे मैदाने व घरे यांसाठी मिळणारी जमीन पुष्कळच घटली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याविरुद्ध निर्णय दिला. परंतु २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. नव्या कचेऱ्या व दुकानांमुळे वाढलेल्या वर्दळीच्या मानाने परिसरातील पादचारी सोयी अपुऱ्या राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी जवळच्या एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने पुढे आली.

शहराच्या एका भागाला स्वच्छ, सुरक्षित व मोटारींपासून मुक्त असा चालण्याचा मार्ग मिळणे, हा खुल्या संकुलाचा लाभ होय. तथापि तेथे प्रवेश कोणाला द्यावा, कोणी बसावे व काय विकावे हे मालक ठरवितो. फेरीवाल्याला आणि निरुद्देश रेंगाळणाऱ्याला तेथे हक्काची जागा नसते. म्हणून असे संकुल बाजाराला पूरक ठरू शकते, त्याचा पर्याय ठरत नाही. वाढत्या शहरांनी अशा संकुलांना परवानगी देताना मंडई, आठवडी बाजार व मैदाने यांची जागा आराखड्यात आधीच राखून ठेवणे आवश्यक असते. कारण एकदा खाजगी बांधकामाखाली गेलेली जमीन सार्वजनिक उपयोगासाठी परत मिळविणे अत्यंत खर्चाचे व बहुधा अशक्यप्राय ठरते.