शाई आपली, हुकूम कंपनीचा

परीक्षा जवळ आल्या की आम्हा शिक्षकांच्या घरी प्रिंटरला उसंत नसते. कंपनीचे कार्ट्रिज महाग, म्हणून बाजारातले स्वस्त आणावे, तर सूचना झळकते, 'कार्ट्रिज ओळखता येत नाही.' शाई असते, कागद असतो, यंत्रही ठणठणीत. अडवणारी असते कार्ट्रिजच्या कडेला चिकटवलेली नखाएवढी चिप. प्रिंटर तिला विचारतो, तू आमच्या घरची का? उत्तर पटले नाही की काम बंद.

हे दर्जासाठी आणि सुरक्षेसाठी आहे, असे कंपन्या सांगतात. हलकी शाई गळते, हेड तुंबते, हे आम्हीही पाहिले आहे. पण चिप दर्जा तपासत नाही, ती फक्त नाव विचारते. याचा पुरावा जानेवारी २०२२ मध्ये खुद्द कॅननने दिला. जगभर चिपांचा तुटवडा पडला आणि कंपनीला काही ऑफिस-प्रिंटरांचे टोनर चिपविना विकावे लागले. मग काय, कंपनीच्याच अस्सल टोनरला प्रिंटर नकली म्हणू लागले! तेव्हा जर्मनीतील ग्राहकांना कंपनीनेच कळवले, की सूचना बाजूला सारून छपाई चालू ठेवा. छपाईचा दर्जा घटत नाही, टोनर किती उरले हे मात्र नीट दिसणार नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी कालपर्यंत चालणारी परकी कार्ट्रिजे अचानक नाकारली. ओरड झाल्यावर कंपनीने अडचण काढणारे सॉफ्टवेअर दिले. धोरण सोडले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात ठरवले, की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपतो. न्यायालयाने दार उघडले खरे, पण चिपची कडी आतून लागलेलीच आहे.

मुलांसाठी प्रिंटर घ्यायला निघालेल्या पालकांनी दुकानात आधी कार्ट्रिजचा भाव विचारावा, मग प्रिंटरचा. एका कार्ट्रिजवर किती पाने निघतात, हेही विचारावे. यंत्र स्वस्त दिसते ते याच हिशेबाने. पुढची वसुली शाईतून होते. टाकीत बाटलीने शाई ओतायचे प्रिंटर सुरुवातीला महाग पडतात, पण दर महिन्याला शंभर-दोनशे पाने काढणाऱ्या घराला तेच परवडतात. महिन्याला चार पानेच लागत असतील, तर कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान बरे.