एपिदॉरसच्या उंबरठ्यावर

दंडाला वेटोळे घातलेला सर्प आपण डॉक्टर मंडळी व्यवसायाचे चिन्ह म्हणून मिरवतो. त्या सर्पाचे माहेर पाहण्याचा योग मला ग्रीसच्या प्रवासात आला. पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या ईशान्येस अर्गोलिस हा डोंगराळ किनारी प्रदेश आहे. त्याच्या एका अंगाला सारोनिक, तर दुसऱ्या अंगाला अर्गोलिक आखात. सारोनिक किनाऱ्यावरील एपिदॉरसच्या जुन्या बंदरापासून काही किलोमीटर आत, पाइनच्या झाडीत, आरोग्यदेव अस्क्लेपियसचे क्षेत्र वसले आहे.

अस्क्लेपियस हा अपोलो आणि कोरोनिस यांचा पुत्र. येथील पुराणकथेनुसार मातेने त्याला डोंगरावर टाकून दिले. एका शेळीने त्याला दूध पाजले, कुत्र्याने राखले. पुढे तो मृतांनाही उठवू लागला, तेव्हा झ्यूसने वज्राघाताने त्याचा अंत केला.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हे क्षेत्र भरभराटीस आले. रुग्ण स्नान व अर्पण करून ‘अबाटोन’ नामक दालनात निजत आणि स्वप्नात देव येऊन उपचार करी, अशी श्रद्धा होती. १८८१ पासून पानागिस काव्वादियास यांनी येथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या शिळांवर बऱ्या झालेल्यांच्या कहाण्या कोरलेल्या आहेत. १९८८ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला.

सहप्रवासी पंचावन्न ओळींचे प्रसिद्ध नाट्यगृह पाहण्यास गेले. मी संग्रहालयातील शिळांपाशी रेंगाळलो. पाच वर्षे गर्भवती असलेली क्लिओ क्षेत्राबाहेर पडताच प्रसूत झाली आणि तिचा मुलगा लगेच न्हाऊन चालू लागला, अशी एक कहाणी तेथे आहे. तिचे हसू आले. पण ‘बाहेर’ या शब्दापाशी मी थबकलो. या पवित्र आवारात जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध होते! दुसऱ्या शतकातील प्रवासी पाउसेनियस लिहितो, की प्रसववेदनांनी कळवळणाऱ्या स्त्रिया आणि मरणोन्मुख रुग्ण उघड्यावर पडत. अखेर अँटोनिनस नामक रोमन सिनेटरने त्यांच्यासाठी घर बांधून दिले.

उमेदीच्या काळात एका वृद्धाच्या नातलगांना मी “आता घरी न्या” असे सांगितले होते. निदान अचूक होते. परंतु त्यानंतर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. त्या शिळांसमोर मला त्यांचाच चेहरा आठवला.

परतल्यापासून, घरी पाठविलेल्या रुग्णाकडे एक तरी फेरी घालण्याचा नियम मी पाळतो. देण्यासारखे औषध उरलेले नसले तरीही.