डेटा सेंटरची घरघर आणि आपली झोप

मोबाईलवरून पाठवलेला फोटो, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज, बँकेतली नोंद हे सगळे कुठे साठते? डेटा सेंटर नावाच्या इमारतींत. तिथे हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. महाराष्ट्रात अशा इमारतींची मोठी दाटी नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात आहे. पनवेलजवळ २०२० पासून एक मोठे केंद्र सुरू आहे, आणि पुण्यातून मायक्रोसॉफ्टची सेवा २०१५ पासून चालते.

अवसरी खुर्दच्या वाचकांना हे लांबचे वाटेल. पण आपले पाहुणे-रावळे त्या पट्ट्यातल्या वस्त्यांत राहतात. आपल्या गावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून (स्थापना २००९) शिकून बाहेर पडणारी मुले उद्या अशा ठिकाणी नोकरीला लागतील. शिवाय आवाजाचे जे नियम तिथे लागू आहेत, तेच आपल्या शेजारच्या जनरेटरला आणि कारखान्यालाही लागू आहेत. म्हणून हा विषय आम्ही आरोग्य पानावर घेतला आहे.

आवाज येतो कुठून?

संगणक चालला की तापतो. त्याला थंड ठेवायला आत पंखे आणि गच्चीवर मोठी शीतयंत्रे लागतात. त्यांची घरघर कधी थांबत नाही. वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू होतात आणि वीज असतानाही ते अधूनमधून चालवून तपासावे लागतात. मिरवणुकीचा डीजे मोठा असतो, पण रात्री बंद होतो. हा आवाज त्याच्यापेक्षा लहान असला तरी वर्षभर सोबत राहतो.

शरीरावर काय होते?

झोपेतही कान बंद होत नाहीत. आवाज आला की माणूस जागा झाला नाही तरी नाडी वाढते आणि झोप उथळ होते. असे वर्षानुवर्षे चालले तर रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितले होते. जाड, खालच्या पट्टीची घरघर भिंतीतूनही आत येते. पत्र्याच्या घरात तर ती जास्तच जाणवते. नेहमीच्या मोजमापात असा खालचा आवाज कमी धरला जातो. त्यामुळे आकडा लहान दिसला तरी त्रास खरा असू शकतो.

डेसिबलचा हिशेब

डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. एका यंत्राचा आवाज ७० असेल, तर तशा दोन यंत्रांचा १४० होत नाही, ७३ होतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ ने उतरतो. १० मीटरवर ७० असेल तर २० वर ६४, ४० वर ५८, ८० वर ५२ आणि १६० मीटरवर ४६. राहत्या वस्तीसाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ ही मर्यादा आहे. म्हणजे अशा एका यंत्रापासून दीडशे मीटरवरही रात्रीची मर्यादा जेमतेम ओलांडलेली असते.

उपाय आहेत, पण आधी करायचे असतात

सर्वांत स्वस्त उपाय नकाशावरच होतो. यंत्रे वस्तीच्या उलट बाजूला ठेवायची. दुसरा उपाय मोठे, सावकाश फिरणारे पंखे. वेग २० टक्के कमी केला तर आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो आणि पंख्याची वीज जवळपास निम्मी होते. तिसरा उपाय हवा जाण्या-येण्याच्या वाटेवर आवाज शोषणारी जाळी, धुराड्याला चांगला सायलेन्सर आणि यंत्राखाली स्प्रिंग, म्हणजे थरथर इमारतीत उतरत नाही. चौथा उपाय भिंत. भिंत अशी हवी की घरातून यंत्र दिसूच नये. मध्ये फट राहिली तर खर्च वाया जातो. झाडांची एक ओळ सावली देते, आवाज फारसा अडवत नाही.

१००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज त्याच्या आवाजरोधक पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा, असा नियम आहे. त्याहून मोठ्या जनरेटरच्या पेटीने किंवा खोलीने आवाज किमान २५ डेसिबलने कमी केला पाहिजे.

आत काम करणाऱ्यांनी

संगणकांच्या दालनात आवाज ८५ च्या आसपास किंवा वर जातो. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर कानाला धोका आहे असे समजावे. कानातले बोळे किंवा कानझाकण मालकाकडून मागून घ्यावे. कानात शिट्टी वाजल्यासारखे होत राहिले तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण अशी गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

वस्तीने काय करावे?

आठवडाभर वहीत तारीख, वेळ, आवाज कसा होता आणि झोप कोणाची मोडली ते लिहावे. मोबाईलवरचे आवाजमापक अंदाजापुरते चालते. पुरावा म्हणून अधिकृत मोजणी मागावी. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. अर्ज पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि रात्री मोजणी करा असे त्यात स्पष्ट लिहावे. दिवसाच्या वाहतुकीत ही घरघर झाकली जाते.

गावाजवळ नवा प्रकल्प येणार असेल तर ग्रामसभेतच विचारावे: यंत्रे कोणत्या बाजूला, रात्रीचा आवाज आमच्या दारात किती आणि तो मोजणार कोण? इमारत उभी राहिल्यावर यंत्रे हलवणे फार अवघड असते.